कुणाच्या आधाराविना चालता यावं म्हणून: अमेरिकेतल्या ‘पेपर सेंटर्स’चा पैसा कुठून येतो, कुठे जातो

अमेरिकेत म्हातारपणावरच्या संशोधनाला सरकार जो पैसा देतं, त्यातला एक छोटा वाटा जरा वेगळा आहे. त्यातून कुठला मोठा प्रयोग पार पडत नाही, औषध तयार होत नाही, दवाखानाही उभा राहत नाही. त्यातून निघतात ते संख्याशास्त्रज्ञांचे पगार, चालण्याचा वेग नीट मोजायला शिकवणाऱ्या माणसांचे पगार आणि अजून नाव न झालेल्या तरुण संशोधकांच्या आठवड्यातल्या काही तासांचे पैसे. या योजनेचं पूर्ण नाव ‘क्लॉड डी. पेपर ओल्डर अमेरिकन्स इंडिपेंडन्स सेंटर्स’. बोलताना सगळे ‘पेपर सेंटर’ एवढंच म्हणतात. हा पैसा दिसेल अशा कामावर खर्च होत नाही आणि नेमका म्हणूनच तो कामी आला आहे, असं आमचं मत आहे. अर्थसंकल्पात कात्री चालायला लागली की त्याची बाजू मांडणं अवघड जातं, तेही त्याचमुळे.

क्लॉड पेपर हे फ्लोरिडाचे राजकारणी. १९३६ ते १९५१ सिनेटमध्ये, पुढे १९६३ पासून १९८९ मध्ये मृत्यू होईपर्यंत प्रतिनिधिगृहात. वृद्धांच्या प्रश्नांवरच्या समितीचे ते अध्यक्ष होते. ठरावीक वय झालं की सक्तीने निवृत्त करण्याची पद्धत बहुतेक नोकऱ्यांमधून हटवणारा कायदा १९८६ मध्ये झाला, त्यामागे त्यांचा मोठा पाठपुरावा होता. तेव्हा ते स्वतः ८६ वर्षांचे होते. त्यांच्या नावाने १९८९ मध्ये ही केंद्रं सुरू झाली. पैसा देते ती ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’, म्हणजे १९७४ मध्ये स्थापन झालेली, वृद्धत्वाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था. तिलाही एनआयए म्हणतात. आपल्याकडच्या तपास यंत्रणेशी अर्थातच काही संबंध नाही.

आधी मोजायचं काय

‘ज्येष्ठांनी स्वावलंबी राहावं’ हे भाषणात म्हणायला सोपं आहे. त्यासाठी पैसे द्यायचे आणि पाच वर्षांनी हिशेब मागायचा, तर स्वावलंबन आकड्यांत धरता यायला हवं.

सगळ्यांत जुनी पद्धत म्हणजे विचारणं. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं: ही सहा कामं कुणाच्या मदतीशिवाय होतात का? ही यादी १९६३ ची. १९६९ मध्ये तिला दुसरी जोडली गेली, त्यात फोन करणं, बाजारहाट, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार आले. दोन्ही याद्या आजही वापरतात. अडचण अशी की ‘नाही जमत’ असं उत्तर येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याआधी बहुतेक लोक ‘सगळं जमतं मला’ असंच सांगतात, मग भिंत धरून चालत का असेनात.

म्हणून विचारण्याच्या जोडीला करून दाखवायची चाचणी आली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली तीन भागांची एक छोटी चाचणी या क्षेत्रात सगळीकडे चालते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसपीपीबी म्हणतात. पहिला भाग तोल सांभाळण्याचा: पावलं शेजारी-शेजारी ठेवून १० सेकंद, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला टेकवून १० सेकंद, मग एकापुढे एक सरळ रेषेत १० सेकंद. दुसरा भाग ४ मीटर नेहमीच्या वेगाने चालण्याचा. दोनदा चालायचं आणि त्यातली कमी वेळ लागलेली फेरी धरायची. तिसरा भाग हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्याचा. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त ४ गुण, एकूण १२. चार मीटर ४.८२ सेकंदांच्या आत चालले तर ४ गुण, ८.७० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर १. पाच उठबशा ११.१९ सेकंदांत झाल्या तर ४ गुण, १६.७ सेकंदांच्या पुढे गेल्या तर १, आणि एका मिनिटात झाल्याच नाहीत तर शून्य. सामान एवढंच: एक स्टॉपवॉच, एक टेप, हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची. दहा मिनिटांत आटोपते.

ही चाचणी कुणालाही घेता येईल असं वाटतं, आणि इथेच गडबड सुरू होते. चार मीटरची शेवटची रेघ दिसली की माणूस आपोआप पाय आखडता घेतो आणि वेळ वाढतो. म्हणून रेघ ओलांडून पुढे चालत राहा, असं आधीच सांगायचं असतं. खुर्ची भिंतीला टेकवलेली नसेल तर ती मागे सरकते. पाचव्या वेळी माणूस पूर्ण उभा राहिल्यावर घड्याळ थांबवायचं, बसल्यावर नाही. एका परिचारिकेने बसल्यावर थांबवलं तर तिचे सगळे आकडे एखाद-दीड सेकंदाने वाढलेले असतात. कुणी तोंडभर ‘वा, छान, अजून जोरात’ म्हणत राहतं, कुणी गप्प उभं राहतं. मग एका गावातल्या आणि दुसऱ्या गावातल्या गुणांची तुलनाच होऊ शकत नाही. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की चालण्याच्या वेगात सेकंदाला ०.०५ मीटरचा फरकही लहान पण अर्थपूर्ण असतो, आणि ०.१० मीटरचा फरक मोठा मानायचा. चार मीटर पाच सेकंदांत चालणाऱ्याचा वेग ०.८०, त्याला साडेपाच सेकंद लागले तर तो ०.७३ वर येतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या चुकीत खरा फरक बुडून जाऊ शकतो.

चाचणी घेणाऱ्यांना एकच पद्धत शिकवणं, त्यांची दर काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेणं, खुर्च्यांची उंची सगळीकडे सारखी ठेवणं: असल्या कामाला कुणी बक्षीस देत नाही. पेपर सेंटरचा बराच पैसा अशाच कामात जातो.

केंद्र म्हणजे इमारत नाही

‘सेंटर’ म्हटलं की पाटी लावलेली इमारत डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हा एका विद्यापीठात आधीपासून असलेल्या माणसांना आणि सोयींना एकत्र बांधणारा करार असतो. देशभरात अशी पंधराच्या आसपास केंद्रं असतात. प्रत्येकाला पाच वर्षांची मुदत मिळते. ती संपली की पुन्हा सगळ्यांबरोबर स्पर्धेत उतरून अर्ज करायचा. जुनं केंद्र म्हणून आपोआप काही मिळत नाही, आणि नावाजलेल्या विद्यापीठांनीही आपली केंद्रं गमावली आहेत.

प्रत्येक केंद्राने आपला एक विषय ठरवायचा असतो. जॉन्स हॉपकिन्सचा विषय वृद्धत्वातला अशक्तपणा. पिट्सबर्गचा तोल आणि चालणं. मेरीलँडमध्ये खुबा मोडल्यावर किंवा पक्षाघातानंतर व्यायामाने पुन्हा उभं राहण्यावर भर. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये गंभीर आजारी ज्येष्ठांची उपशामक, म्हणजे त्रास हलका करणारी काळजी. टेक्सासातल्या सॅन अँटोनियोत वय वाढण्याच्या प्रक्रियेवरच औषध चालेल का, याचा शोध. ‘वृद्धांचं आरोग्य’ हा विषय म्हणून चालत नाही. अर्ज नापास होण्याचं फार नेहमीचं कारण हेच: सगळ्या विभागप्रमुखांना खूश ठेवायला विषय इतका रुंद केलेला असतो की केंद्रामुळे नेमकं काय जास्त घडणार, ते तपासणाऱ्याला कळत नाही.

आत पैशाचे वेगवेगळे कप्पे असतात. नेतृत्व आणि प्रशासनाचा कप्पा बैठका, हिशेब, बाहेरच्या तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ आणि वार्षिक अहवाल सांभाळतो. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. तरुणांच्या घडणीचा कप्पा महत्त्वाचा. दवाखान्यात आठवड्याला पाच दिवस रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला संशोधन शिकायला वेळच नसतो, म्हणून त्याच्या पगाराचा एक भाग केंद्र देतं आणि तेवढे तास विभागप्रमुखाने मोकळे सोडायचे असतात. कागदावर हे होतं. प्रत्यक्षात तिसऱ्या महिन्यात कुणी रजेवर जातं आणि मोकळे तास पुन्हा बाह्यरुग्ण विभागात जातात. अनुभवी केंद्रं म्हणून विभागप्रमुखाकडून तासांची लेखी हमी घेतात आणि ती पाळली नाही तर पैसे थांबवतात. या टप्प्यातून पुढे गेलेल्या तरुणाने सरकारचं स्वतंत्र घडण-अनुदान मिळवावं, ही अपेक्षा असते. त्यात कामाचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो.

मग सामाईक सोयींचे कप्पे. संख्याशास्त्र, चाचण्या घेणारी प्रशिक्षित तुकडी, रक्तनमुने साठवण्याची व्यवस्था, प्रयोगात भाग घ्यायला तयार असलेल्या ज्येष्ठांची नोंदवही. प्रत्येक संशोधकाने स्वतःची तुकडी उभी करायची तर सहा महिने माणसं शोधण्यात आणि शिकवण्यात जातात, आणि अनुदान संपलं की ती माणसं पांगतात. सामाईक तुकडी टिकून राहते. पण इथला नेहमीचा रोग असा की चार ज्येष्ठ प्राध्यापक ही तुकडी आपलीच समजून वापरतात आणि नवख्याला ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असं उत्तर मिळतं. चांगल्या केंद्रात रांगेचे नियम लेखी असतात आणि वर्षाला किती तास कुणाला गेले, ते सल्लागार मंडळापुढे ठेवलं जातं.

शेवटचा कप्पा छोट्या चाचपणी-प्रयोगांचा, इंग्रजीत पायलट म्हणतात तो. एकेका प्रयोगाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास, मुदत एक-दोन वर्षं. यावर जरा थांबायला हवं, कारण बाहेरच्या लोकांचा सगळ्यांत जास्त गैरसमज याबद्दलच होतो.

तीस माणसांवरचा प्रयोग कशासाठी

आधी थोडा हिशेब. समजा, नेहमीच्या काळजीत वर्षभरात १०० पैकी ३० ज्येष्ठांचं चालणं बंद पडतं आणि नव्या उपायाने ते २० वर येईल अशी आशा आहे. हा फरक खरा असेल तर तो पकडण्याची ८० टक्के खात्री हवी असेल, तर प्रत्येक गटात साधारण २९० माणसं लागतात. मध्येच २० टक्के गळणार हे धरलं तर ३६० च्या वर. फरक निम्मा असेल, म्हणजे ३५ वरून ३० वर येणार असेल, तर प्रत्येक गटात १,३७० च्या आसपास. फरक निम्मा झाला की माणसं दुप्पट लागत नाहीत, चौपटीच्याही पुढे जातात.

तेव्हा ३० माणसांवर उपाय ‘चालतो की नाही’ हे कळणं शक्यच नसतं, आणि चाचपणी-प्रयोगाला तो प्रश्न विचारायचाही नसतो. त्याने सांगायचं ते वेगळं. एक माणूस प्रयोगात यायला किती जणांना फोन करावे लागले? आठवड्यातून दोनदा येणं किती जणांना जमलं, कुणाची गाडी चुकली, कुणाला सोबत यायला माणूसच नव्हतं? बारा आठवड्यांनी किती जण उरले? मोजमापं किती हलतात? तीस जणांत मिळालेला घसघशीत फायदा जसाच्या तसा धरून मोठा प्रयोग आखला की तो हमखास तोंडघशी पडतो, कारण इतक्या कमी माणसांत आकडा नशिबाने वर किंवा खाली जातो.

दुसरी अडचण वेळेची. माणसांवरच्या कुठल्याही प्रयोगाला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि पायलट सुरू करण्याआधी एनआयएचीही वेगळी परवानगी घ्यावी लागते. एका वर्षाच्या पायलटमध्ये पहिले पाच महिने यातच गेले तर उरलेल्या सातांत माणसं गोळा करून, बारा आठवडे व्यायाम करवून, पुन्हा मोजणं बसत नाही. म्हणून शहाणी केंद्रं निवड जाहीर करण्याआधीच समितीचे कागद तयार करून घेतात.

साखळी नीट जुळली तर काय होतं, याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण ‘लाइफ’ नावाचा अभ्यास. आधी ४ ठिकाणी ४२४ जणांवर चाचपणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यातून कळलं की सत्तरीपुढच्या, पाय मंदावलेल्या माणसांकडून वर्षभर व्यायाम करून घेता येतो आणि चाचणीतले गुणही सुधारतात. मग ८ ठिकाणी ७० ते ८९ वर्षांचे १,६३५ जण निवडले गेले, सगळे एसपीपीबीत ९ किंवा त्याहून कमी गुणांचे. तेवढे मिळवायला चौदा हजारांहून जास्त लोकांना फोनवर प्रश्न विचारावे लागले, आणि निवडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण घरोघरी टपालाने पाठवलेल्या पत्रांमुळे आले. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा केंद्रावर आणि तीन-चारदा घरी व्यायाम: ध्येय ३० मिनिटं चालण्याचं, त्याला १० मिनिटं पायांना वजन बांधून ताकदीचे आणि १० मिनिटं तोलाचे व्यायाम. उरलेल्या निम्म्यांना आरोग्याचे वर्ग.

कसोटी साधी होती: ४०० मीटर, १५ मिनिटांत, न बसता, दुसऱ्याचा आधार किंवा वॉकर न घेता. काठी चालेल, उभ्याने मिनिटभर थांबलं तरी चालेल. सरासरी २.६ वर्षांनी व्यायाम गटातल्या ३०.१ टक्के लोकांना हे जमेनासं झालं होतं, वर्गांच्या गटातल्या ३५.५ टक्क्यांना. जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी कमी. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ३५ आणि ३० यांतला फरक पकडायला अडीच वर्षं आणि सोळाशे माणसं लागली. व्यायाम गटात गंभीर आरोग्यघटना किंचित जास्त नोंदल्या गेल्या, ४९.४ विरुद्ध ४५.७ टक्के, फरक योगायोगाच्या मर्यादेत होता, पण तो लपवला गेला नाही. व्यायामाला येणारे लोक कर्मचाऱ्यांना वारंवार भेटत होते, त्यामुळे त्यांच्या तक्रारी जास्त कानावर येणं साहजिक होतं.

फोनवरून कळलेली गोष्ट

सगळं संशोधन उपाय तपासण्याचं नसतं. येल विद्यापीठात १९९८ पासून एक अभ्यास चालला: सत्तरीपुढचे ७५४ जण, सुरुवातीला सगळे स्वतःचं स्वतः करणारे. त्यांना दर महिन्याला फोन करून विचारायचं, आंघोळ-कपडे-चालणं-उठणं आपलं आपण होतंय ना? दर दीड वर्षाने घरी जाऊन तपासणी.

वर्षातून एकदा विचारणाऱ्या अभ्यासांतून असं चित्र तयार झालं होतं की म्हातारपण ही एकाच दिशेने उतरणारी घसरण आहे. महिन्याच्या महिन्याला विचारल्यावर ते चुकीचं निघालं. परावलंबी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक वर्षभरात पुन्हा आपलं आपण करू लागले होते. लोक परावलंबी होतात, सावरतात, पुन्हा पडतात. या घसरणीच्या आधी बहुतेकदा काहीतरी घडलेलं असतं, आणि त्यात सगळ्यांत जड ठरतं ते रुग्णालयात दाखल होणं.

हे कळल्यावर पैसा कुठे लावायचा, तेही बदललं. दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं तर धडधाकट ज्येष्ठांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस झडतं, हे २००७ मध्ये डझनभर स्वयंसेवकांवर दाखवलं गेलं. येलमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगात, १९९९ मध्ये, ८५२ दाखल रुग्णांपैकी निम्म्यांची साध्या उपायांनी काळजी घेतली गेली: दिवसातून तीनदा चालवणं, चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजत राहणं, आज कोणता वार ते बोलत राहणं, आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध किंवा काढा, पाठ चोळणं, वॉर्डात शांतता. रुग्णालयात येणारा बुद्धिभ्रम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आला. यातलं बरंच काम प्रशिक्षित स्वयंसेवक करतात. आजीला वॉर्डात अचानक घरची माणसं ओळखू येईनाशी झाल्याचं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पैशाची वाट

अमेरिकेची काँग्रेस दरवर्षी राष्ट्रीय आरोग्य संस्थांना पैसा मंजूर करते, त्यातला वाटा एनआयएला येतो. २०२३ मध्ये तो सुमारे ४४० कोटी डॉलर होता. त्यातला फार मोठा भाग अल्झायमर आणि तत्सम आजारांसाठी राखलेला असतो. स्मृतिभ्रंशाची भीती प्रत्येक मतदाराला आहे आणि त्यासाठी झगडणाऱ्या संघटना ताकदवान आहेत; ‘आमच्या तोलासाठी निधी द्या’ असं म्हणत मोर्चा काढणारं कुणी नाही. सगळी पेपर सेंटर्स मिळून एनआयएच्या खर्चाच्या एका टक्क्यातही भरत नाहीत.

एनआयए आवाहन प्रसिद्ध करते, विद्यापीठं अर्ज करतात. बाहेरच्या शास्त्रज्ञांची समिती १ ते ९ असे गुण देते, यात १ सर्वोत्तम. सरासरीला दहाने गुणतात, म्हणून अंतिम आकडा १० ते ९० च्या दरम्यान येतो. त्यानंतर संस्थेचं सल्लागार मंडळ शिक्कामोर्तब करतं. अर्ज टाकल्यापासून पहिला डॉलर हाती यायला नऊ-दहा महिने तरी जातात. जुनी मुदत संपण्याआधी वर्षभर तयारीला लागलं नाही तर मध्ये भगदाड पडतं, आणि प्रशिक्षित तुकडी दुसरीकडे नोकरी शोधते. ती एकदा गेली की परत जमवायला नव्याने सुरुवात.

मंजूर रकमेवर विद्यापीठ आपला वरखर्च वेगळा घेतं: वीज, इमारत, हिशेब विभाग, नीतिमत्ता समिती. हा दर प्रत्येक विद्यापीठ सरकारशी वाटाघाट करून ठरवतं. दर ६० टक्के म्हटला की लोकांना वाटतं शंभरातले साठ विद्यापीठानेच खाल्ले. तसं नसतं. समजा थेट खर्च १० लाख डॉलर, आणि त्यातले २ लाख यंत्रसामग्रीसारख्या वगळलेल्या बाबींवर. मग ६० टक्के उरलेल्या ८ लाखांवर, म्हणजे ४ लाख ८० हजार, आणि ते थेट खर्चाच्या वर. एकूण १४ लाख ८० हजार, त्यातला वरखर्च जेमतेम एक तृतीयांश. फेब्रुवारी २०२५ मध्ये हा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. न्यायालयाने ते रोखलं. आमच्या या उदाहरणात तसं झालं असतं तर वरखर्च १ लाख २० हजारांवर आला असता. मोठ्या विद्यापीठांनी कदाचित कळ सोसली असती, पण सामाईक तुकड्यांवर कुऱ्हाड आधी पडली असती.

मोठा प्रयोग आपटतो तेव्हा

१९९४ मध्ये येलच्या संशोधकांनी ३०१ जणांवर दाखवलं की पडण्याची कारणं एकेक करून हाताळली, म्हणजे औषधं कमी केली, तोलाचे व्यायाम दिले, घरातले धोके काढले, तर वर्षभरात पडणाऱ्यांचं प्रमाण ४७ वरून ३५ टक्क्यांवर येतं. वीस वर्षांनी हेच खऱ्या दवाखान्यांत करून पाहायला ३ कोटी डॉलरचा ‘स्ट्राइड’ प्रयोग मंजूर झाला: ८६ दवाखाने, सत्तरीपुढचे ५,४५१ जण, पडण्याच्या धोक्याकडे लक्ष द्यायला खास नेमलेल्या परिचारिका. २०२० मध्ये निकाल आला. गंभीर दुखापती ८ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोग नाही असं म्हणता येईना.

कारणं पाहण्यासारखी आहेत. जुन्या प्रयोगात संशोधकांची माणसं स्वतः घरी जाऊन व्यायाम करवून घेत होती. नव्यात परिचारिका शिफारस करायची आणि पुढे रुग्णाने फिजिओथेरपीला जायचं की नाही, ते त्याच्यावर, त्याच्या विम्यावर आणि गाडीच्या सोयीवर होतं. तुलनेच्या गटालाही पडण्याबद्दल माहिती मिळत होती. शिवाय मोजलं गेलं ते नुसतं पडणं नव्हे, गंभीर दुखापत, जी कमी वेळा होते आणि कमी करणं जास्त कठीण. सल्ला आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर आहे, ते या ‘अपयशा’ने जितकं नेमकं मोजलं तितकं एखाद्या यशानेही मोजलं नसतं.

ते अंतर बुजवण्याचा एक मार्ग जॉन्स हॉपकिन्समधून आला, ‘केपेबल’ नावाचा. नर्सच्या चार भेटी, ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजची कामं आपली आपण जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या, सहा भेटींपर्यंत, आणि घराची डागडुजी करणारा माणूस, त्याला सुमारे १,३०० डॉलरपर्यंतचं सामान आणि मजुरी. चार-पाच महिन्यांत सगळं. काय दुरुस्त करायचं ते संशोधक ठरवत नाहीत, घरातली आजी ठरवते: न्हाणीघरात धरायला दांडा, जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, हलणारी फरशी. बाल्टिमोरमधल्या ३०० कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांवरच्या प्रयोगात, २०१९ मध्ये, रोजच्या कामांतली अडचण तुलनेच्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी कमी निघाली. इथे कुणाला कुठे पाठवलं नाही. सुतारच दारात आला.

मुंबईशी धागा

याच एनआयएचा पैसा देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेपर्यंत पोचला आहे. ४५ वर्षांपुढच्या सत्तर हजारांहून जास्त भारतीयांची माहिती घेणारं ‘लासी’ हे सर्वेक्षण या संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर केलं. खर्चात आपलं आरोग्य मंत्रालय, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि एनआयए यांचा वाटा होता. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये सुरू झाली, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात प्रश्नांबरोबर हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेगही मोजला गेला.

आपल्याकडे ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि प्रादेशिक केंद्रांत मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज-जेजे रुग्णालय आहे. पण त्या कार्यक्रमाचा भर बाह्यरुग्ण विभाग, खाटा आणि फिजिओथेरपी यांवर, म्हणजे सेवेवर आहे. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा देणगीदार विश्वस्त संस्थेला पेपर सेंटरसारखं काही छोट्या प्रमाणावर करायचं असेल तर इमारतीपासून सुरुवात करू नये. पहिली नेमणूक पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञाची, दुसरी चाचण्या घेणाऱ्या दोघांची, आणि त्या दोघांनी सहा महिने रोज एकाच माणसाला वेगवेगळं मोजून आकडे जुळतात का ते पाहायचं. चाचण्यांत एक भर मात्र आपली आपणच घालायला लागेल. पाच वेळा खुर्चीतून उठणारा माणूस जमिनीवरच्या पाटावरून उठेलच असं नाही, आणि ज्या घरात अजून बैठं स्वयंपाकघर आणि देशी संडास आहे, तिथे जमिनीवरून उठता येणं हेच आधी जातं. त्यासाठी किती सेकंदांना किती गुण द्यायचे, ते अमेरिकेच्या तक्त्यात सापडणार नाही. ते इथल्या काहीशे ज्येष्ठांना मोजूनच ठरवावं लागेल.